गुजरीतल्या दुकानाचे पत्ते: कामाची वही

२६ जून

आजपासून काम सुरू: ऑनलाइन दुकानाच्या पानांचे पत्ते, म्हणजे लिंका, सुधारायचं. दुकान कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एक ग्रॅमचे दागिने, साज, ठुशी, बोरमाळ, नथी वगैरे. ऑनलाइन दुकान पाचसहा वर्षं चालू आहे, पीएचपीत (वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषा) हातानं लिहिलेलं, लिहिणारा आता संपर्कात नाही. दादा काउंटर आणि खरेदी बघतात, ऑनलाइन ऑर्डरी, पॅकिंग, व्हॉट्सॲप हे सगळं वैनींकडं.

वैनींनी फोनवर जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कामाचं मूळ तेच आहे: "भाऊजी, साजाची लिंक पाठवली की बायका विचारतात, ही उघडू का नको, कसली लिंक हाय. आणि गूगलवर आपलं दुकान दिसतंय पण भलतंच पान उघडतंय, कधी किमतीनं लावलेली यादी, कधी संपलेला माल."

लिंक मागवून बघितली. (वहीत पत्ते देवनागरीत लिहितोय, साइटवर ते इंग्रजी अक्षरांत आहेत.) अशी आहे: प्रॉडक्ट.पीएचपी?आयडी=२१४&कॅट=७&सॉर्ट=प्राइस&एसआयडी= आणि त्याच्या पुढं ३२ अक्षरांचा गिचमिडा. ह्यात साज कुठं आहे? दागिना विकतोय का गॅसचं बिल पाठवलंय हेच कळत नाही.

आपल्या गावात कागदावरचा पत्ता म्हणजे घर नंबर आणि ए वॉर्ड, सी वॉर्ड, ई वॉर्ड. तो बरोबरच असतो, पोस्टमनला चालतो. पण माणूस माणसाला तसं कधी सांगत नाही, महाद्वार रोडला ये, तिथनं गुजरीत वळ, अमक्याच्या शेजारचं दुकान, असंच सांगतो. आयडी=२१४ हा वॉर्डातला नंबर झाला, मशिनला पुरतो. गिऱ्हाईकाला आणि गूगललाही गुजरीत वळ असं सांगणारा पत्ता पाहिजे.

आखाडात लग्नं नसतात, दुकान जरा मोकळं असतं, म्हणून मोडतोड करायची ती आत्ताच करायची. गौरी-गणपतीची खरेदी सुरू व्हायच्या आत सगळं बसलेलं पाहिजे, दादांशी तेवढंच पक्कं ठरलंय.

२८ जून

दोन दिवस नुसती मोजदाद केली. क्रॉलर (साइटवरची प्रत्येक लिंक उघडत जाणारा प्रोग्रॅम) लावला तर तो थांबेनाच, रात्री बंद करावा लागला. दुकानात माल साडेतीनशेच्या आसपास आणि पत्ते मात्र संपतच नाहीत.

कारण शोधलं. पहिलं, एक दागिना दोन-तीन कॅटेगरीत आहे, साज "पारंपरिक"मधेही आहे आणि "लग्नाचे दागिने"मधेही, आणि कॅटेगरी पत्त्यात असल्यामुळं तोच साज दोन पत्त्यांवर राहतोय. दुसरं, यादीची पानं. कॅटेगऱ्या १२, लावायचे प्रकार ४, एका पानावर किती माल दाखवायचा ह्याचे ३, आणि चौकटीत का ओळीत ह्याचे २. चार त्रिक बारा दुणे चोवीस, गुणिले बारा म्हणजे २८८ पत्ते, मूळ पानं फक्त १२. हे सगळे गूगलला वेगवेगळी पानं वाटतात.

तिसरं सगळ्यात वाईट, एसआयडी. ब्राउझरनं कुकी (साइटनं ब्राउझरमधे ठेवलेली ओळखचिठ्ठी) घेतली नाही की जुना कोड प्रत्येक लिंकला नवा सेशन नंबर चिकटवतो. गूगलबॉट, म्हणजे गूगलचा पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, एका पानावरची कुकी दुसऱ्या पानापर्यंत सांभाळून नेत नाही, म्हणजे तो जेव्हा जेव्हा येतो तेव्हा तेव्हा सगळं दुकान नव्या पत्त्यांवर दिसतं. इतकी वर्षं बिचारा तेच तेच साडेतीनशे दागिने बघत फिरतोय आणि नवीन आलेल्या मालापर्यंत पोचायला त्याला उशीर होतोय.

सर्च कन्सोलमधे (गूगल साइटच्या मालकाला अहवाल देतं ती जागा) "डुप्लिकेट विदाउट युजर-सिलेक्टेड कॅनॉनिकल" ह्या मथळ्याखाली लांबच लांब यादी आहे. म्हणजे गूगल सांगतंय की सारखी पानं मिळाली, खरं कोणतं ते तुम्ही सांगितलं नाही म्हणून मीच एक निवडलं. वैनींना भलतंच पान दिसतं ते ह्यामुळं.

३० जून

दादांनी सरळ प्रश्न विचारला, पत्त्यात "साज" शब्द घातला की आपण गूगलवर वर येणार का? खरं उत्तर दिलं, नुसत्या त्यानं येणार नाही. पत्त्यातल्या शब्दांचं वजन फार थोडं असतं, गूगलच्या माणसांनीच हे कितीदा सांगितलंय, आणि चालू पत्ते उगाच बदलू नका असंही ते सांगतात. जे कोण नुसते पत्ते बदलून पहिल्या नंबरवर आणतो म्हणतात त्यांच्या नादाला लागू नका म्हटलं.

मग बदलायचे कशाला? एक, एका दागिन्याला एकच पत्ता झाला की गूगलचा फेरा वाचतो आणि त्या पानाचं सगळं वजन एका जागी येतं. दोन, कॉम्प्युटरवरच्या निकालात नावाखाली पत्त्याचा तुकडा दिसतो, तो वाचता आला तर माणूस विश्वासानं दाबतो. तीन, व्हॉट्सॲपवर एकीनं दुसरीला पाठवलेली लिंक वाचूनच कळली पाहिजे. आपला निम्मा धंदा तर बायकांच्या ग्रुपमधनंच येतो.

दादा म्हणाले, तिसरं कारण एकटं असतं तरी पुरं होतं. कामाला होकार.

२ जुलै

नावापासनं पत्ता तयार करणारं फंक्शन लिहायला घेतलं. डेटाबेसमधे मालाची नावं मराठीत आहेत, वैनींनी मन लावून शुद्ध लिहिलेली, तर म्हटलं लायब्ररीनं लिप्यंतर करून घेऊ, साडेतीनशे नावं हातानं कोण लिहीत बसणार. पीएचपीच्या आयएनटीएल ह्या लायब्ररीमधला ट्रान्सलिटरेटर लावला, देवनागरीतनं रोमन, रोमनमधनं साधी इंग्रजी अक्षरं. एका मिनिटात यादी तयार.

यादी वाचली आणि तिथंच थांबलो. साज झाला "सजा". नथ झाली "नाथा"सारखं काहीतरी. बोरमाळ झाली "बोरामाला". च साठी नुसता सी घातल्यामुळं चिंचपेटी वाचताना सिंकपेटी होते. ठुशीतल्या श चा एच गेला आणि राहिली "ठुसी".

चूक लायब्ररीची म्हणता येणार नाही. ती अक्षराला अक्षर लावते, प्रत्येक व्यंजनातला अ लिहिते, संस्कृतला ते बरोबर आहे. पण मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण बोलतच नाही, साज म्हणतो, "साज" आणि पुढं लांबवलेला अ असं कोण म्हणतं? त्यात आ चा एक ए गळला की साजाची सजा होते, आणि हिंदीवाल्या गिऱ्हाईकाला तर सजा म्हणजे शिक्षा. लग्नात घालायचा दागिना आणि पत्त्यात शिक्षा, हे मी जाऊ देणार नाही.

शेवटचा अ काढायचा नियम लिहून बघितला, त्यानं साज सुधारला, पण जोडाक्षराशी संपणारे शब्द बिघडले आणि बोरमाळेतला मधला अ तसाच राहिला. दुपारभर नियमावर नियम चढवले, प्रत्येक नियमानं दोन शब्द सुधारतात आणि तिसरा मोडतो. संध्याकाळी सगळं काढून टाकलं. साडेतीनशे नावं म्हणजे काय फार नाहीत, हातानं करायची, आणि दुकानात बसून करायची.

३ जुलै

सकाळी साडेदहाला दुकानात. बाहेर पाऊस, गिऱ्हाईक तुरळक, वैनी चहा सांगून समोर बसल्या, मी लॅपटॉप उघडून एकेक नाव वाचायचं आणि त्यांनी सांगायचं की गिऱ्हाईक हे कसं मागतं आणि व्हॉट्सॲपवर कसं टाइप करतं. त्यांचं व्हॉट्सॲप म्हणजे खजिनाच आहे. इंग्रजी अक्षरांत साज लिहिताना बहुतेकजणी दोन ए घालतात, काहीजणी एकच. ठुशीला टी-एच पण आणि नुसता टी पण. सर्च कन्सोलमधल्या शब्दांशी ताडून बघितलं तर तिथंही तसंच. ठरलं: साज दोन ए नी, ठुशी टी-एच नी एस-एच नी. बाकीची स्पेलिंगं पत्त्यात कोंबायची नाहीत, गूगलला ती बहुतेक आपोआप समजतात.

मग एक अडचण आली, आणि त्यात तासभर गेला पण तो तास सगळ्यात कामाचा. साजाचे नऊ नमुने आहेत आणि डेटाबेसमधे त्यातल्या पाचांचं नाव एकच, "कोल्हापुरी साज". पत्ता एकमेव पाहिजे, मग पुढं काय लावायचं? जुन्या पद्धतीनं एक, दोन, तीन लावलं की परत नंबरच आले.

वैनींनी ट्रेमधनं एक साज काढून काचेवर आडवा ठेवला. "पानं मोजा भाऊजी." मोजली, २१ पानड्या. मधेमधे जावमणी, आणि दोन मण्यांच्या मधे एकेक पान. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, हा मासा, हे कासव, इथनं दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलाची, हे दोन खडे म्हणजे माणिक आणि पाचू, आणि मधलं हे डोरलं. दहा, आठ, दोन, एक. दुसरा साज काढला, तो बारा पानी, वजनाला हलका, रोज घालायला लोक हाच नेतात. तिसऱ्यात डोरल्याला लाल खडा, चौथ्यात हिरवा. पाचवा लांब, पोटापर्यंत येणारा.

म्हणजे फरक नावात नव्हता पण दागिन्यात होताच आणि गिऱ्हाईक तो फरक बोलूनच मागतं, "एकवीस पानी दाखवा", "लाल खड्याचा दाखवा". मग पत्ते झाले: कोल्हापुरी-साज-२१-पानी, कोल्हापुरी-साज-१२-पानी, आणि असेच पुढं. पानाचं शीर्षकही तेच केलं, कारण पाच पानांना एकच शीर्षक हा स्वतंत्र घोळ होताच. नंबर आला खरा, पण हा नंबर दागिन्याचा आहे, डेटाबेसचा नाही.

लाल खडा आणि हिरवा खडा मात्र वेगळी पानं ठेवायची नाहीत, एकाच पानावर निवडायचा. रंग सोडला तर दोन्हीत एका शब्दाचा फरक नाही.

ठुशी संपेपर्यंत दोन वाजले. वज्रटीक, पुतळी हार, मोहनमाळ उद्या.

५ जुलै

नावं संपली. आज दादांच्या पुतण्यानं विचारलं, तो कॉलेजला आहे, की पत्ते सरळ मराठीत का नकोत, आपली भाषा आहे, गूगलला चालतं की. प्रश्न चांगला आहे आणि मलाही मनापासनं तसंच पाहिजे होतं, म्हणून नीट तपासलं.

गूगलला चालतं, खरंच चालतं, वाचकाच्या भाषेतले शब्द वापरा असं तेच सांगतात. ब्राउझरच्या पट्टीत सुंदर दिसतं. पण पत्ता प्रवासाला निघाला की त्याचं एन्कोडिंग होतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मधे (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइटचं, आणि एकेक बाइट पत्त्यात टक्क्याचं चिन्ह धरून ३ अक्षरांचा, म्हणजे एका चिन्हाची ९ अक्षरं. काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. "कोल्हापुरी" ह्यात १० चिन्हं, "साज" ह्यात ३, मधे एक डॅश, झाली ११८ अक्षरं. इंग्रजी अक्षरांत तेच १४.

क्रोममधनं कॉपी करून व्हॉट्सॲपवर वैनींना पाठवून दाखवलं. चार ओळी नुसती टक्केवारी. वैनी म्हणाल्या, "ही तर पहिल्यापेक्षा भ्या दाखवणारी हाय." झालं. ज्या कारणासाठी काम काढलं तेच कारण हरवत होतं. पत्ता इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले. शीर्षक, वर्णन, फोटोचं नाव, कॅटेगरी हे सगळं पानावर देवनागरीत राहील. पुतण्याला पटलं, थोडं वाईट वाटलं त्याला, मलाही वाटलं.

७ जुलै

काल एकादशी, नंदवाळला जाऊन आलो, पायी. आज फक्त नियम लिहून टाकले.

सगळी अक्षरं छोट्या लिपीतली. शब्दांच्या मधे डॅश, अंडरस्कोर नाही. कॅटेगरी पत्त्यात नाही, कारण दागिना दोन कॅटेगऱ्यांत असतो आणि उद्या तिसरीत जाईल. किंमत, वर्ष, "नवीन", "ऑफर" हे शब्द पत्त्यात कधीच नाहीत, ते सहा महिन्यांत खोटे पडतात. पत्ता एकदा दिला की मालाचं नाव बदललं तरी पत्ता आपोआप बदलायचा नाही, हातानं बदलला तर जुना पत्ता रिडायरेक्टच्या (जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर पाठवायच्या) टेबलात आपोआप जाईल. शेवटचा तिरका दांडा नाही.

११ जुलै

शुक्रवार. सकाळपासनं गल्लीत पी ढबाक (जत्रेतलं वाद्य) वाजतंय, टेंबलाई देवीला आखाडातलं पाणी घालायला पोरं निघालीत, आणि मी अपाचेच्या (साइट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) नियमांत अडकलोय.

होस्टिंग शेअर्ड आहे, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट. जुन्या आयडीवरनं नवा पत्ता काढायला रिराइटमॅप (जुन्या-नव्या पत्त्यांच्या जोड्यांचा तक्ता) हातात असता तर बरं झालं असतं, पण तो सर्व्हरच्या मूळ कॉन्फिगमधेच चालतो, एचटीॲक्सेस फाइलमधे (साइटच्या फोल्डरातली नियमांची फाइल) नाही. म्हणून असं केलं की नवा पत्ता आला की अपाचे तो आतल्याआत प्रॉडक्ट.पीएचपीला देतो, आणि कोणी थेट प्रॉडक्ट.पीएचपीचा जुना पत्ता मागितला की तोच कोड टेबलात नवा पत्ता शोधून ३०१ नं (कायमच्या रिडायरेक्टचा आकडा) तिकडं पाठवतो.

पहिल्यांदा चालवलं आणि ब्राउझर म्हणाला, फार रिडायरेक्ट झाले. गोल गोल. नवा पत्ता आत प्रॉडक्ट.पीएचपी होतोय, प्रॉडक्ट.पीएचपी म्हणतंय मी जुना पत्ता आहे, नव्याकडं जा, नवा परत आत येतोय. गिऱ्हाईकानं मूळ कोणता पत्ता मागितला होता हे बघायला पाहिजे, आत काय झालंय ते नाही. पीएचपीत रिक्वेस्ट यूआरआय तपासला की सुटलं. दीड तास.

एक गोष्ट आधीपासनं पाळली म्हणून वाचलो. चाचणीत ३०२ (तात्पुरता रिडायरेक्ट) वापरला, ३०१ नाही. ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि परत सर्व्हरला विचारतच नाही. चुकीचा ३०१ माझ्या फोनमधे बसला असता तर दुरुस्त केल्यावरही मला जुनीच चूक दिसत राहिली असती. सगळं पक्कं झाल्यावरच ३०१ करायचा.

चार वाजता लाइट गेली, ती सातला आली.

१२ जुलै

कॅटेगरीच्या पानांचे १२ पत्ते थोडेच आहेत म्हणून ते सरळ एचटीॲक्सेसमधेच लिहिले. दोन खाचखळगे होते. एक, रिराइटरूल (अपाचेचा पत्ता बदलायचा नियम) प्रश्नचिन्हाच्या पुढचं बघतच नाही, त्याच्यासाठी वर वेगळी अट लिहायला लागते. दोन, रिडायरेक्ट झाल्यावर जुनी शेपटी नव्या पत्त्याला चिकटून येते, म्हणजे /ठुशी असा सुंदर पत्ता आणि त्याच्या मागं ?कॅट=३. क्यूएसडी हा फ्लॅग लावला की शेपटी गळते.

शिवाय बघितलं तर साधा पत्ता टाकला की आधी एचटीटीपीएसवर उडी, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर उडी, मग नव्या पत्त्यावर उडी. गूगलबॉट दहा उड्यांपर्यंत येतो, पण फोनवरचं गिऱ्हाईक डोंगरातल्या नेटवर्कवर तीन उड्या कशाला मारेल, गारगोटीकडं, चंदगडकडं नेट कसं आहे हे मला माहीत आहे. सगळं एका उडीत बसवलं. कर्ल ह्या कमांडनं सर्व्हरच्या उत्तराचं हेडर बघून खात्री केली, एक ३०१ आणि लगेच २००, म्हणजे पान मिळालं.

१५ जुलै

आज यादीची पानं, ते २८८ पत्ते.

एसआयडी पूर्ण काढून टाकला, कोडमधनंच. कुकी नसेल तर कार्ट चालणार नाही, पण माल बघता येईल. चौकट का ओळ ही निवड ब्राउझरमधेच ठेवली, पत्त्यात येत नाही. लावायचा प्रकार आणि किती माल हे पत्त्यात राहिलं, कारण गिऱ्हाईक ते वापरतं, पण त्या प्रत्येक पानावर कॅनॉनिकल टॅग घातला की मूळ पान हे. हा टॅग २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनी मिळून आणला, नेमका ह्याच दुखण्यासाठी. मात्र ती सूचना आहे, हुकूम नाही, गूगल ऐकेल असं धरून चालायचं नाही. म्हणून दुकानातल्या आपल्या स्वतःच्या लिंका, मेनू, "आणखी बघा", बॅनर, सगळ्या नव्या साध्या पत्त्यांवर नेल्या. आपणच घरात जुना पत्ता सांगत राहिलो तर बाहेरचा कशाला नवा मानेल.

पुतण्या म्हणाला रोबोट्स डॉट टीएक्सटीमधे (बॉटनं कुठं जायचं नाही ते सांगणारी फाइल) सॉर्टचे पत्ते बंदच करून टाकू. आत्ता नको म्हटलं. बंद केले की गूगलबॉट ते पान उघडणारच नाही, आणि पान उघडलं नाही तर त्यातला कॅनॉनिकल टॅग त्याला दिसणार कसा? दार लावून आत चिठ्ठी ठेवल्यासारखं होतं. आधी त्याला सगळे जुने पत्ते बघू देत.

दुसऱ्या, तिसऱ्या पानांचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडं करायचा नाही, त्यांच्यावर वेगळा माल आहे, त्यांचा त्यांनाच.

१८ जुलै

संपलेला माल. जुन्या कोडमधे जो दागिना नाही त्याचा पत्ता थेट मुख्य पानावर फेकला जातो. गूगल ह्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं, आणि गिऱ्हाईकाला तर फसवल्यासारखं वाटतं, मागितली चिंचपेटी आणि आणून सोडलं दारात.

वैनींबरोबर बसून तीन ढीग केले. थोड्या दिवसांत परत येणार असेल तर पान तसंच ठेवायचं, "सध्या संपलंय, आलं की कळवू" आणि नंबर टाकायला जागा. नमुना बंद झाला पण त्याच्या जागी दुसरा आलाय तर ३०१ त्या नव्यावर. काहीच नाही तर सरळ ४०४, पण त्या पानावर मराठीत लिहिलेलं की हा नमुना आता होत नाही आणि खाली त्याच जातीचे चार दागिने. तिसऱ्या ढिगात वैनींनी एक पुतळी हार टाकला आणि परत उचलून पहिल्या ढिगात ठेवला, म्हणाल्या हा करणारे मामा आजारी आहेत, बरे झाले की करतील. पान ठेवलं.

२० जुलै

आज जे सापडलं ते बघून सुन्न झालो.

प्रत्येक डबीत एक छोटं कार्ड घालतात, त्याच्यावर क्यूआर, "आमचे इतर दागिने पाहा". म्हटलं जुने पत्ते सगळे तपासतोय तर कार्डही स्कॅन करून बघू. स्कॅन केलं, ४०४. मला वाटलं माझ्याच नियमानं मोडलं. चालू साइटवर बघितलं, तिथंही ४०४. म्हणजे मी हात लावायच्या आधीपासनं मोडलेलं.

कार्डावरचा पत्ता मोठ्या पी नी सुरू होतो. जुनं होस्टिंग विंडोजचं होतं, तिथं मोठा पी आणि छोटा पी एकच. होस्टिंग बदललं तेव्हा लिनक्सवर आले, तिथं दोन्ही वेगळे. तेव्हापासनं, म्हणजे दोन वर्षं, ज्या ज्या बाईनं डबी उघडून कार्ड स्कॅन केलं तिला कोरं पान दिसलं. कोणी सांगितलं नाही कारण कोण कशाला सांगेल, दोनदा बघून सोडून दिलं असणार. वैनींना सांगितलं तर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग कपाट उघडून उरलेल्या कार्डांचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला.

मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक न मानणारा नियम घातला. कार्ड परत स्कॅन केलं, नव्या पत्त्यावर पारंपरिक दागिन्यांचं पान उघडलं. वैनींच्या, दादांच्या आणि शेजारच्या दुकानातल्या पोराच्या फोनवर पण करून बघितलं.

गूगल म्हणतं रिडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवा. गूगलला वर्ष पुरत असेल. डबी कपाटात दहा वर्षं राहते, लेकीच्या लग्नाला बाहेर निघते. हे रिडायरेक्ट काढायचेच नाहीत. टेबलावर तशी टीप लिहून ठेवली, माझ्यानंतर जो हे काम बघेल त्याच्यासाठी.

२३ जुलै

काल रात्री अकराला बदल चालू केला. बॅकअप, मग कोड, मग ३०२ चे ३०१. जुन्या पत्त्यांची यादी स्क्रिप्टनं एकेक मागून बघितली, सगळे एका उडीत पोचतात. दोन अडकले, एकाच दागिन्याला चुकून दोन नावं दिलेली, सुधारलं. साइटमॅप (सगळ्या पत्त्यांची यादी) नवा करून सर्च कन्सोलला दिला, मर्यादा ५०,००० पत्त्यांची आहे, आपले चारशे पण नाहीत. प्रायॉरिटी वगैरे रकाने भरले नाहीत, गूगल ते बघत नाही, फक्त शेवटी कधी बदललं ती तारीख खरी घातली. दीडला झोपलो.

सकाळी नऊला वैनींचा फोन, पोटात गोळाच आला, पण त्यांना फक्त सांगायचं होतं की ऑर्डर आली.

३० जुलै

सर्च कन्सोलमधे जुने पत्ते "पेज विथ रिडायरेक्ट" ह्या रकान्यात सरकायला लागलेत, ते तसंच पाहिजे. नवे हळूहळू येतायत. मधे दोन-तीन दिवस निकालात दुकान खालीवर झालं, दादा बेचैन होते, त्यांना आधीच सांगितलं होतं तरी. अशा बदलानंतर गूगलला सगळे पत्ते परत बघावे लागतात, त्याला आठवडे लागतात. घाईनं काही हात लावायचा नाही, आत्ता परत बदललं तर सगळा गोंधळ होईल.

१४ ऑगस्ट

डुप्लिकेटची यादी आटतेय. एसआयडीवाले पत्ते अजून येतात पण नवीन तयार होत नाहीत. साज शोधला तर आता साजाचंच पान येतंय, किमतीनं लावलेली यादी नाही. ह्याच्या पुढं किती वर जाईल ते फोटो, वर्णन आणि लोक काय म्हणतात ह्याच्यावर, पत्त्याचं काम इथपर्यंतच होतं.

दुपारी दुकानात होतो. इचलकरंजीच्या एका बाईंचा फोन आला, त्यांना लिंक उघडत नव्हती, फोन जुना होता. वैनींनी लिंक परत पाठवली नाही, तोंडानंच सांगितलं, दुकानाचं नाव, मग तिरका दांडा, मग कोल्हापुरी डॅश साज डॅश एकवीस डॅश पानी, साजमधे दोन ए. पलीकडनं आवाज आला, "उघडलं की."

राहिलेलं: नवी कार्डं छापायची, क्यूआर थेट छोट्या पत्त्याचा. जुना गठ्ठा टाकायचा नाही, आता चालतोय. मामांचा पुतळी हार आला की "संपलंय" काढायचं.